तुम्ही मुंबईला का नाही गेलात?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



‘निर्वासित’ हा शब्द ऐकला की महाराष्ट्रातल्या माणसाला आधी उल्हासनगर आठवतं. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत उतरली आणि तिथंच पुढे एक शहर उभं राहिलं. त्या माणसांना कुणी असं विचारलं नाही की, बाबांनो, तुम्ही कराची सोडून लाहोरला का नाही गेलात? विचारलं असतं तर लोक हसले असते. पण आज कॅनडात, इंग्लंडात, ऑस्ट्रेलियात जाऊन आश्रय मागणाऱ्या माणसाला नेमका याच जातीचा प्रश्न विचारला जातो. आणि तो माणूस भारतातून गेलेला असेल, तर त्या प्रश्नातलं शहर पुष्कळदा आपलंच असतं. मुंबई.

समजा, पंजाबातल्या एखाद्या खेड्यातला तरुण आहे. अतिरेक्यांना जेवू घातल्याचा संशय घेऊन पोलिसांनी त्याला दोनदा उचलून नेलं, मारहाण केली आणि घरच्यांकडून पैसे घेऊन सोडलं. शेत गहाण टाकून तो कसाबसा टोरांटोला पोचला आणि त्यानं आश्रयासाठी अर्ज केला. सुनावणी होते. हल्ली ती बहुतेक वेळा व्हिडिओवरच असते. निर्णय देणारा सदस्य, अर्जदाराचा वकील आणि मधे पंजाबी दुभाषा. सदस्य सगळी हकिगत ऐकतो, अनेकदा ती खरीही मानतो. आणि मग विचारतो, ‘हे सारं तुमच्या जिल्ह्यात घडलं. मग तुम्ही मुंबईला जाऊन का नाही राहिलात?’

या प्रश्नावर अर्जदाराचं उत्तर पटलं नाही, तर अर्ज नामंजूर होतो. तो खोटं बोलला म्हणून नव्हे. त्याची भीती खरी आहे, पण ती तेवढ्या मुलखापुरती आहे आणि त्याचा देश मोठा आहे, एवढ्या कारणासाठी. खोटं ठरवून हाकलून दिलेल्या माणसापेक्षा या माणसाचं दुःख निराळं असतं, कारण त्याच्यावर विश्वास ठेवूनच त्याला परत पाठवलेलं असतं.

कायद्याच्या बोलीत याला ‘इंटर्नल फ्लाइट ऑल्टरनेटिव्ह’ म्हणतात. आपल्याकडे ‘फ्लाइट’ म्हटलं की विमान आठवतं. इथं मात्र त्याचा अर्थ पळ काढणं असा आहे. देशातल्या देशात पळून जाण्याचा पर्याय. आपण त्याला ‘देशांतर्गत आसरा’ म्हणू.

गंमत अशी की, ज्या करारावर ही सगळी इमारत उभी आहे, त्या १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारात हे शब्द कुठंच नाहीत. त्या कराराप्रमाणे निर्वासित कोण? तर वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांपैकी एखाद्या कारणानं आपला छळ होईल अशी साधार भीती ज्याला आहे, जो स्वतःच्या देशाबाहेर आहे आणि त्या देशाचं संरक्षण ज्याला मिळू शकत नाही किंवा त्या भीतीपोटी नकोसं झालं आहे, तो. भारतानं या करारावर सही केलेली नाही, हे जाता जाता सांगून ठेवतो. व्याख्येत ‘देश’ आहे. देशाचा कोपरा, जिल्हा, परगणा असं काही नाही.

मग हा प्रश्न आला कुठून? करार झाला तेव्हा युरोपातल्या अधिकाऱ्यांच्या नजरेसमोर प्रामुख्यानं कम्युनिस्ट राजवटींतून निसटून आलेली माणसं होती. तिथं सरकारचाच हात सगळीकडे पोचलेला. बुडापेस्टहून पळालेल्याला ‘दुसऱ्या गावी का नाही गेलास’ असं विचारण्यात अर्थ नव्हता. पुढे सत्तर-ऐंशीच्या दशकांत दुसऱ्या प्रकारची माणसं दाराशी आली. तुर्कस्तानातून, श्रीलंकेतून, पंजाबातून. त्यांच्या देशांत एका भागात आग लागलेली आणि दुसऱ्या भागात बाजार सुरळीत चाललेले. जर्मनीतल्या न्यायालयांनी हा मुद्दा लवकर उचलला. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तांनी १९७९ मध्ये एक मार्गदर्शक पुस्तिका काढली, तिच्या ९१ व्या परिच्छेदात तो आला. पण आला तो अर्जदाराच्या बाजूनं. देशाच्या दुसऱ्या भागात आसरा घेता आला असता एवढ्यावरून कुणाला निर्वासितपण नाकारू नये, जर सर्व परिस्थिती पाहता तिथं जाण्याची अपेक्षा करणं रास्त नसेल तर, असा त्याचा आशय. ढाल म्हणून घडवलेलं हे वाक्य पुढे तलवारीसारखं वापरलं गेलं.

तरीही हा प्रश्न मुळातच अन्यायाचा आहे, असं मी म्हणणार नाही. परक्या देशानं द्यायचा आश्रय हा बदली आश्रय असतो. आपलं घर आपल्याला सांभाळत नाही, म्हणून शेजाऱ्यानं सांभाळायचं. घराच्याच दुसऱ्या खोलीत माणूस सुरक्षित राहू शकत असेल, तर शेजाऱ्याचं दार ठोठावण्यापूर्वी त्यानं तिथं जावं, ही अपेक्षा गैर नाही. आणि आपल्याला तर ही गोष्ट परकी मुळीच नाही. गावकीचा जाच, वेठबिगारी, पाणवठ्यावरची बंदी यांतून सुटण्यासाठी दलितांच्या किती पिढ्यांनी मुंबई गाठली! कापडगिरण्या, गोदी, रेल्वेचे कारखाने, बीडीडी चाळी यांनी त्यांना सामावून घेतलं. खेडं सोडा, शहराकडे चला, हे बाबासाहेबांचं सांगणं होतं. वाळीत टाकलेल्या कुटुंबांनी कोकणातून मुंबईला बिऱ्हाड हलवल्याच्या कथा तर अलीकडच्या आहेत. महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१६ मध्ये करावा लागला. म्हणजे टोरांटोतला तो सदस्य जे सुचवतो आहे, ते आपल्या आजोबांनी प्रत्यक्ष केलेलं आहे.

फरक एवढाच, की आजोबांचा पाठलाग करणारा गावचा पाटील होता आणि त्याचा हात भायखळ्यापर्यंत पोचत नव्हता.

म्हणून या विषयातला पहिला खरा प्रश्न हा की, छळणाऱ्याचा हात किती लांब आहे? कॅनडाच्या न्यायाधिकरणात त्याचे दोन भाग करतात: शोधून काढण्याची ताकद त्याच्यात आहे का, आणि तेवढी इच्छा त्याला आहे का? नुसती ताकद असून भागत नाही; सरकारकडे ताकद सगळीच असते, पण ते प्रत्येकाच्या मागे लागत नाही.

या प्रश्नावरचा एक गाजलेला खटला आपल्याच देशाशी संबंधित आहे. करमजितसिंग चहल हा शीख गृहस्थ १९७१ पासून इंग्लंडात राहत होता. १९८४ च्या आरंभी तो पंजाबात आला असताना पोलिसांनी त्याला पकडलं आणि एकवीस दिवस डांबून छळ केला, असं त्याचं म्हणणं. परत गेल्यावर तो तिथल्या खलिस्तानवादी चळवळीत पुढे आला. १९९० मध्ये ब्रिटिश सरकारनं राष्ट्रीय सुरक्षेचं कारण देऊन त्याला भारतात पाठवायचं ठरवलं आणि तोवर तुरुंगात ठेवलं. प्रकरण युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेलं. तिथं ब्रिटिश सरकारनं एक तोड सुचवली. पंजाबात धोका आहे ना? मग भारतातल्या त्याला हव्या त्या विमानतळावर आम्ही त्याला सोडतो! मद्रास म्हणा, मुंबई म्हणा.

१५ नोव्हेंबर १९९६ रोजी न्यायालयानं ही तोड नाकारली. न्यायाधीशांचं मत बारा विरुद्ध सात असं विभागलेलं होतं, यावरून प्रश्नाची अवघडता लक्षात येते. बहुमताचं म्हणणं असं की, पंजाब पोलिसांतल्या काहींनी संशयितांचा माग काढत पंजाबपासून दूरदूरच्या राज्यांत जाऊन कारवाया केल्याचा पुरावा आहे. आणि हा माणूस काही अनोळखी नव्हे. सहा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढलेला चहल सुटला.

याच सुमारास, १९९४ मध्ये, ऑस्ट्रेलियातही पंजाबच्या एका शीख अर्जदाराचं प्रकरण तिथल्या फेडरल कोर्टाच्या पूर्णपीठापुढे आलं होतं. रंधावा खटला या नावानं तो ओळखला जातो. तिथं उत्तर उलट मिळालं. भारतात दुसरीकडे राहणं या माणसाला शक्य आहे आणि त्याच्याकडून तशी अपेक्षा करणं रास्त आहे, असं ठरून त्याचं अपील फेटाळलं गेलं. देश एक, समाज एक, वर्षं जवळपास तीच. चहलचं नाव पोलिसांच्या वहीत ठळक होतं, दुसऱ्याचं तसं नव्हतं. हे दोन्ही निकाल एकाच वेळी बरोबर असू शकतात, असं मला वाटतं.

पण याच गोष्टीला आणखी एक बाजू आहे. पंजाबातल्या शिखाला कुणी १९८४ च्या ऑक्टोबरमध्ये दिल्लीला जाऊन राहा असं सांगितलं असतं, तर? इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या चार दिवसांत एकट्या दिल्लीत मारले गेलेल्या शिखांचा सरकारी आकडा २,७३३ आहे. त्यानंतर दिल्लीतली शीख कुटुंबं उलट पंजाबच्या आसऱ्याला गेली. नकाशावर हिरव्या रंगानं दाखवलेला भाग लाल व्हायला एक रात्र पुरते.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण आपल्या शेजारी, श्रीलंकेत आहे. १९८३ च्या जुलैमध्ये कोलंबोत तमिळांची घरंदुकानं जाळली गेली, माणसं मारली गेली आणि यादवी पेटली. लढाई प्रामुख्यानं उत्तरेत आणि पूर्वेत झाली. जाफन्याकडचा तमिळ कॅनडात किंवा इंग्लंडात पोचला की त्याला विचारत, कोलंबोला का नाही राहिलास? कॅनडातल्या फेडरल अपील कोर्टाचे या विषयावरचे दोन पायाभूत निकाल, १९९१ चा रसरत्नम आणि १९९३ चा थिरुनावुक्करासु, हे दोन्ही तमिळांचे आणि दोन्हींतलं पर्यायी शहर कोलंबोच. आजही पंजाबच्या अर्जदाराला मुंबईबद्दल विचारताना तिथं याच दोन निकालांची फूटपट्टी लावतात.

या निकालांनी तीन गोष्टी पक्क्या केल्या. नुसतं ‘देशात दुसरीकडे’ म्हणून चालणार नाही; पर्यायाचा मुद्दा काढणार असाल तर अर्जदाराला तशी आधी कल्पना द्या. तिथं छळाचा गंभीर संभव नसला पाहिजे. आणि तिथं जाऊन राहण्याची अपेक्षा या माणसाच्या परिस्थितीत अवाजवी नसली पाहिजे. मात्र तसा पर्याय नाही हे दाखवून देण्याची जबाबदारी अर्जदाराचीच. थिरुनावुक्करासु खटल्यात न्यायमूर्ती लिंडन यांनी ‘वाजवी’ म्हणजे काय ते सोप्या दाखल्यांनी सांगितलं. लढाईच्या आघाड्या ओलांडत तिथवर जा, असं कुणाला सांगता येणार नाही. डोंगरातल्या गुहेत, वाळवंटात किंवा जंगलात लपून राहा, असंही नाही. पण तिथली हवा मानवत नाही, तिथं नात्यागोत्याचं कुणी नाही, मनाजोगतं काम मिळत नाही, ही कारणंही पुरेशी नाहीत. त्या अर्जदाराचं अपील मंजूर झालं.

कोर्टानं दाखले दिले ते असे. आता कोलंबोत प्रत्यक्षात काय चाललं होतं? उत्तरेतून आलेला तमिळ माणूस तिथं स्वस्तातल्या लॉजमध्ये खोली घ्यायचा. कुणी परदेशी जायच्या कागदपत्रांसाठी, कुणी औषधपाण्यासाठी, कुणी नोकरीच्या शोधात. बॉम्बस्फोट झाला की पोलीस या लॉजवर येत, तरुणांना नेत. जाफना हा जन्मस्थळाचा उल्लेख ओळखपत्रावर असणं हाच पुरावा व्हायचा. आणि ७ जून २००७ रोजी पहाटे पोलिसांनी शहरातल्या लॉजमधून ३७६ तमिळांना उठवलं, बसमध्ये बसवलं आणि उत्तरेकडे, पूर्वेकडे पाठवून दिलं. शहरात राहण्याचं त्यांना ‘सबळ कारण’ नाही म्हणे. दुसऱ्याच दिवशी श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयानं या कारवाईला स्थगिती दिली आणि नंतर पंतप्रधानांनी जाहीर खेदही व्यक्त केला. परदेशांतल्या निकालपत्रांत ज्या शहराकडे बोट दाखवलं गेलं होतं, त्याच शहरातून त्यांना त्यांच्याच सरकारनं बस भरून बाहेर काढलं.

असंच सुदानमध्ये घडलं. तिथल्या दारफुर प्रांतात २००३ मध्ये संहार सुरू झाला. तिथून इंग्लंडात पोचलेल्यांना सांगण्यात आलं की, राजधानी खार्टूमला जाऊन राहा. लंडनमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे हा वाद दोनदा गेला. २००६ च्या जानुझी खटल्यात लॉर्ड बिंगहॅम यांनी कसोटी सांगितली: त्या ठिकाणी राहणं माणसाला ‘अवाजवी कठोर’ ठरेल का? आणि याची तुलना ब्रिटनमधल्या सुखसोयींशी करायची नाही. त्या देशातलं सर्वसाधारण जगणं कसं आहे ते पाहायचं. हे म्हणणं मला पटतं. गरीब देशाचा नागरिक गरीब आहे म्हणून तो निर्वासित होत नाही. पण दुसऱ्या वेळी, नोव्हेंबर २००७ मध्ये, जे झालं ते पचायला जड आहे. दारफुरचे हे लोक जमीन कसणारे शेतकरी. खार्टूमच्या कडेला छावण्यांत, झोपडपट्टीत त्यांना दिवस काढावे लागतील, हे सर्वांनाच मान्य होतं. तरी सुदानमधले इतर गरीबही असेच जगतात, तेव्हा हे अवाजवी कठोर नाही, हा न्यायाधिकरणाचा निष्कर्ष कायम राहिला. पुढे जेमतेम दोन वर्षांत, २००९ च्या अखेरीस, ब्रिटनच्याच न्यायाधिकरणानं ठरवलं की दारफुरच्या कोणत्याही बिगरअरबाला सुदानमध्ये दुसरीकडे जाऊन राहा असं सांगता येणार नाही. आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये तर खुद्द खार्टूमच रणभूमी झालं.

काबूलचं काय झालं ते आपल्याला ठाऊकच आहे. धडधाकट, एकट्या पुरुषानं काबूलमध्ये राहणं सर्वसाधारणपणे अवाजवी नाही, असं ब्रिटिश न्यायाधिकरणानं २०१८ मध्ये आणि पुन्हा मे २०२० मध्ये ठरवलं होतं. १५ ऑगस्ट २०२१ ला तालिबान काबुलात शिरले.

निकाल देणाऱ्यांना भविष्य कळत नाही, हा त्यांचा दोष नव्हे. पण ज्या दिवशी ते एखादं शहर सुचवतात, त्या दिवशीही ते शहर त्या माणसासाठी काय आहे, हे कागदावरून कळतंच असं नाही. ‘सुरक्षित’ आणि ‘राहण्याजोगं’ या दोन शब्दांत मोठं अंतर आहे. ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टापुढे, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुढे, २००७ मध्ये युक्रेनमधल्या एका पत्रकाराचं प्रकरण आलं. सरकारी गैरव्यवहारांवर लिहितो म्हणून त्याला मारहाण आणि धमक्या सुरू होत्या. न्यायाधिकरणाचा सल्ला काय, तर देशाच्या दुसऱ्या भागात जा आणि पत्रकारिता सोडून बांधकामावर वगैरे काम कर. मग कोण कशाला तुझ्या वाटेला जाईल? हायकोर्टानं हे मान्य केलं नाही. ज्या राजकीय मतासाठी छळ होतो ते मत गिळून टाक, मग तू सुरक्षित आहेस, असं म्हणणं म्हणजे कराराचा हेतूच उलटा करणं.

आता पुन्हा मुंबईकडे येऊ. कारण त्या तरुणाला सुचवलेलं हे शहर आपल्याला माहीत आहे आणि त्या सदस्यापेक्षा आपण त्याविषयी थोडं अधिक सांगू शकतो.

मुंबईत माणूस हरवून जातो, असं आपण म्हणतो. दोन कोटींच्या आसपास माणसांच्या पसाऱ्यात कोण कुणाला शोधणार? पण मुंबईत परगावचा माणूस टिकतो कसा, हे बघा. गिरणगावात साताऱ्याचा मुलगा आला तर तो आपल्या गावच्या खोलीवर उतरायचा. एका खोलीत वीसवीस जण, पाळीपाळीनं झोपायचे. ओळखीच्या खानावळीत महिना लावायचे. नोकरी लागायची ती गाववाल्याच्या शब्दावर. आजही फार वेगळं नाही. बिहारचा माणूस बिहारच्या माणसाकडेच येतो. म्हणजे मुंबई माणसाला सामावून घेते ती त्याच्या माणसांमार्फत. आणि गावाकडच्या भीतीनं पळालेल्याला नेमकी तीच माणसं टाळायची असतात. आपल्या पंजाबी तरुणाचंच घ्या. तो उतरणार कुठं? फाळणीनंतर पंजाबी वस्ती झालेल्या सायन-कोळीवाड्याकडे, दादरच्या गुरुद्वारात, किंवा ट्रकच्या धंद्यात. तिथं त्याला काम मिळेल, जेवण मिळेल. आणि तो तिथं आहे ही बातमी आठवड्याभरात त्याच्या तालुक्याला पोचेल. हे सगळं टाळून परक्या वस्तीत, परक्या भाषेत तो एकटा राहिला, तर सुरक्षित असेल कदाचित, पण मग ते जवळजवळ त्या डोंगरातल्या गुहेसारखंच झालं.

दुसरी गोष्ट भाड्याच्या घराची. मुंबईत भाडेकरू ठेवला तर घरमालकानं त्याची माहिती पोलीस ठाण्याला द्यावी, असे आदेश पोलीस आयुक्तालयाकडून वेळोवेळी निघत आले आहेत. शिवाय देशभरातली पोलीस ठाणी संगणकानं जोडणारी ‘सीसीटीएनएस’ ही योजना २००९ मध्ये मंजूर झाली. कॅनडाच्या निर्वासित मंडळाचा संशोधन विभाग या दोन्ही गोष्टींवर टिपणं प्रसिद्ध करतो आणि सुनावणीत त्यांवर खल चालतो. तिथं मोठी मौज घडते. अर्जदाराचा वकील हिरीरीनं सांगतो की, भारतातले पोलीस फार कार्यक्षम आहेत, एका राज्याची माहिती दुसऱ्या राज्याला क्षणात कळते. आणि निर्णय देणारे लिहितात की, छे, गंभीर गुन्हे सोडले तर राज्याराज्यांतले पोलीस एकमेकांशी फारसे बोलत नाहीत. भाडेकरूंची पडताळणी कागदावरच राहते. आपल्या पोलीस ठाण्यांतल्या ढिलाईवर कुणाचा तरी टोरांटोतला मुक्काम ठरतो, हे आपल्या कुठल्या फौजदाराच्या स्वप्नातही नसेल.

हा तरुण पोलिसांच्या रीतसर यादीत नसेल, कुणी वॉरंट काढलेलं नसेल, तर मुंबईचे पोलीस त्याला शोधणार नाहीत, हे मलाही पटतं. असे कितीतरी अर्ज नामंजूर होतात आणि त्यांतले काही योग्यच नामंजूर होत असतील. परदेशी जायला मिळावं म्हणून रचलेल्या हकिगतीही त्यांत असतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण जिथं छळणारा खाजगी माणूस आहे, सासरचं कुटुंब आहे, जातीचे लोक आहेत, तिथं संगणकाची गरजच लागत नाही. घरच्यांच्या मर्जीविरुद्ध लग्न करून पळालेली किती जोडपी अशा मोठ्या शहरांतून हुडकून काढली गेली! सर्वोच्च न्यायालयाला २०१८ मध्ये शक्ती वाहिनी खटल्यात जिल्ह्याजिल्ह्यांत अशा जोडप्यांसाठी सुरक्षित निवारे करण्याचा विचार करा, असं राज्यांना सांगावं लागलं. एकट्या बाईची गोष्ट तर आणखी कठीण. तिला खोली भाड्यानं देताना सोसायटीचे सेक्रेटरी काय काय विचारतात, हे मुंबईकर श्रोत्यांना मी सांगायला नको.

२०२० मध्ये कॅनडाच्या फेडरल कोर्टानं एका पाकिस्तानी कुटुंबाच्या प्रकरणात यावर नेमकं बोट ठेवलं. ज्यांची भीती होती ते लोक गावी राहिलेल्या नातेवाइकांकडे येऊन या कुटुंबाचा पत्ता विचारत होते. न्यायाधिकरणाचं म्हणणं, दुसऱ्या शहरात जा. पण मग नातेवाइकांनी काय करायचं? पत्ता माहीत असून नाही म्हणून सांगायचं आणि स्वतःचा जीव धोक्यात घालायचा? किंवा मग या कुटुंबानं आपण कुठं आहोत हे सख्ख्या आईबापालाही कळू द्यायचं नाही? कोर्ट म्हणालं, हे तर लपून राहणं झालं. लपून राहावं लागत असेल, तर तिथं आसरा आहे असं म्हणता येत नाही. त्यानंतरच्या अनेक प्रकरणांत वकील हा मुद्दा मांडत आले आहेत. आईला फोन करता येईल का? दिवाळीला, लोहडीला घरी जाता येईल का? भाऊ येऊन राहू शकेल का? मुलाला शाळेत घालताना आधीच्या शाळेचा दाखला आणायला कोण जाईल?

मुंबईत खोली मिळालीच, तर पोलिसांकडे द्यायच्या भाडेकरूच्या अर्जात नाव, फोटो आणि कामाचं ठिकाण यांच्याबरोबर ओळख देऊ शकतील अशा माणसांची माहिती मागतात. त्या अर्जात आणखी एक रकाना असतो: कायमचा पत्ता. तो तरुण तिथं काय लिहिणार?